युरोपच्या संशोधनाचा पैसा २०२८ नंतर कसा वाटला जाणार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपीय संघाच्या संशोधन-निधीचा पुढच्या सात वर्षांचा आराखडा सध्या घडतो आहे. पुण्या-मुंबईतून पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी) अर्ज करणारी मुलं, जर्मनी-नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळांत रुळलेले मराठी लोक आणि 'हे ब्रसेल्सवाले नेमकं करतात तरी काय' असं विचारणारे वाचक यांना हमखास पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे घोडं पेंड खातं तिथे जास्त थांबलो आहे.

एकूण किती पैशांची ही गोष्ट आहे?

युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, १६ जुलै २०२५ रोजी २०२८ ते २०३४ या काळासाठी १७५ अब्ज युरोंचा प्रस्ताव मांडला. नाव जुनंच ठेवलं आहे, होरायझन युरोप. ब्रसेल्समधली मंडळी मात्र त्याला 'एफपी टेन' म्हणतात, म्हणजे दहावा फ्रेमवर्क प्रोग्रॅम. पहिला १९८४ मध्ये आला तेव्हा चार वर्षांसाठी चार अब्जांच्याही आतली रक्कम होती, तीसुद्धा 'एकू' या त्या काळच्या हिशेबी चलनात. सातव्या कार्यक्रमात (२००७ ते २०१३) ती पन्नास अब्जांवर गेली, त्यानंतरच्या 'होरायझन २०२०' या आठव्या कार्यक्रमात (२०१४ ते २०२०) ऐंशीच्या आसपास, आणि २०२७ अखेर संपणाऱ्या सध्याच्या कार्यक्रमात ९५.५ अब्ज.

आकडे वाचताना एक पथ्य पाळा. काही आकडे चालू किमतींतले असतात, काही एखाद्या ठरावीक वर्षाच्या किमतींतले. याच ९५.५ अब्जांचे २०१८ च्या किमतींत ८४.९ अब्ज होतात. दोन बातम्यांत दहा अब्जांचा फरक दिसला तर कुणी पैसे खाल्लेले नसतात, एकाने महागाई वजा केलेली असते. १७५ हा आकडा चालू किमतींतला आहे, तेव्हा 'जवळपास दुप्पट' ही घोषणा ऐकताना तेवढी वजाबाकी तुम्हीच करा.

युरोपातलं सगळं सरकारी संशोधन यावरच चालतं का?

नाही. सरकारी संशोधन-खर्चातला ढोबळमानाने दहावा हिस्सा संघाच्या तिजोरीतून येतो. बाकीचा भार जर्मनी, फ्रान्स, स्पेन वगैरे देश आपापल्या अंदाजपत्रकातून उचलतात. पण देशांचा पैसा बराचसा पगार, इमारती आणि चालू खर्चात आधीच अडकलेला असतो. सीमा ओलांडून स्पर्धेने मिळणारा मोकळा पैसा प्रामुख्याने हाच. शिवाय ब्रसेल्सने घातलेली अट देशोदेशीच्या संस्थांना वळण लावते. सध्याच्या कार्यक्रमात अशी अट आली की विद्यापीठाकडे लिखित स्त्री-पुरुष समानता आराखडा नसेल तर अनुदान नाही. वर्षानुवर्षं ज्यांनी हा विषय बासनात गुंडाळून ठेवला होता त्यांचे आराखडे मग भराभर तयार झाले.

रक्कम कोण ठरवतं?

इथे दोन वेगळ्या गाड्या दोन वेगळ्या रुळांवरून धावतात. एक, संघाचं सात वर्षांचं एकूण अंदाजपत्रक. त्याला सगळ्या २७ देशांची एकमुखी संमती लागते आणि युरोपीय पार्लमेंटचा होकार. दुसरा, संशोधन कार्यक्रमाचा स्वतःचा कायदा. तो नेहमीच्या पद्धतीने पार्लमेंट आणि देशोदेशीच्या मंत्र्यांची परिषद मिळून करतात, त्याला एकमत लागत नाही. कायद्यात काय लिहायचं यावर दोन वर्षं गुऱ्हाळ चालतं; रकमेची जागा मात्र शेवटपर्यंत कोरी, कारण ती पहिल्या गाडीतून येते.

मागच्या खेपेला काय झालं ते पाहा. सगळे आकडे २०१८ च्या किमतींत. पार्लमेंटची मागणी १२० अब्जांची. मे २०२० मध्ये, करोना ऐन भरात असताना, आयोगाने प्रस्ताव ९४.४ पर्यंत चढवला. जुलैमध्ये सरकारप्रमुखांची ब्रसेल्समध्ये बैठक बसली, ती चार दिवस आणि चार रात्री लांबली. करोनातून सावरण्याच्या निधीवरून 'काटकसरी' देश आणि दक्षिणेकडचे देश यांची हमरीतुमरी झाली, आणि समेट घडवायला जिथून कापणं सोपं तिथून कापलं. संशोधन ८०.९ वर आलं. नोव्हेंबरमध्ये पार्लमेंटने हट्ट धरून चार अब्ज परत मिळवले. म्हणून ८४.९.

संशोधन कापणं सोपं का? शेतीचं अनुदान कापलं तर ट्रॅक्टर ब्रसेल्सच्या चौकात येऊन उभे राहतात. शास्त्रज्ञ सह्यांची मोहीम काढतात. २०१२ मध्ये दीड लाखांवर सह्या जमल्या, चाळीसहून अधिक नोबेल विजेत्यांनी पत्र लिहिलं. त्याचा उपयोग झाला नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण शेणखत ओतलेल्या रस्त्याइतकी दहशत पत्राची बसत नाही.

एकदा मंजूर झालेली रक्कम तरी शाबूत राहते का?

नेहमीच नाही. २०१५ मध्ये आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष जाँ-क्लोद युंकर यांच्या गुंतवणूक योजनेसाठी होरायझन २०२० मधून २.२ अब्ज काढले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंदाजपत्रकाच्या फेरआढाव्यात युक्रेनच्या मदतीसह इतर निकडीच्या गोष्टींना जागा करताना होरायझन युरोपला २.१ अब्जांची कात्री लागली. २०१५ च्या वेळी पार्लमेंटने मूलभूत संशोधनाचे दोन-तीन कप्पे वाचवले, एवढाच दिलासा.

लोकांचं मत मागवतात ते नुसतं दाखवायला का?

माझं मत विचाराल तर रकमेच्या बाबतीत बहुतांशी हो, नियमांच्या बाबतीत नाही.

फेब्रुवारी २०११ मध्ये आयोगाने 'हरितपत्र' काढलं. विचारविनिमयासाठी जो मसुदा काढतात त्याला तिकडे असं म्हणतात. प्रश्न मोठे होते: संशोधन, नवउपक्रम आणि तंत्रज्ञान संस्था यांचे वेगवेगळे गल्ले एकत्र करायचे का? अर्जाचे नियम सोपे कसे करायचे? पैसा कुतूहलाला द्यायचा की हवामान, आरोग्य, ऊर्जा अशा सामाजिक आव्हानांना? मेपर्यंत दोन हजारांहून अधिक प्रतिसाद आले. विद्यापीठं, कंपन्या, मंत्रालयं, एकटेदुकटे संशोधक, सगळ्यांनी लिहिलं. पुढे आलेल्या होरायझन २०२० मध्ये हे गल्ले एका छताखाली आले आणि बरेचसे नियम सामाईक झाले. नावसुद्धा लोकांकडूनच मागवलं होतं. 'होरायझन २०२०' सुचवणाऱ्या दोघी शिक्षिका होत्या, एक चेक आणि एक पोलिश.

२०२५ च्या फेरीत आयोगाच्या संकेतस्थळावर बारा आठवडे मतं घेतली गेली. संघाच्या २४ अधिकृत भाषांपैकी कोणत्याही भाषेत लिहिता येतं, आणि युरोपबाहेरच्या व्यक्तीलाही लिहिता येतं. मात्र लिहितं कोण? ज्यांचं ब्रसेल्समध्ये कार्यालय आहे ते. प्रयोगशाळेत रात्री अकरापर्यंत बसणाऱ्या संशोधकाच्या कानावर ही संधी जाते तोवर खिडकी बंद झालेली असते.

नियमांचा एवढा बाऊ कशासाठी? पैसा मिळाला म्हणजे झालं ना?

हा प्रश्न प्राध्यापक मंडळीही विचारतात, म्हणून एक हिशेबच मांडतो. आकडे उदाहरणापुरते आहेत.

एका पोस्टडॉकचा वर्षाचा पगार ६०,००० युरो, रसायनं आणि प्रवास २०,०००. थेट खर्च झाला ८०,०००. पण वीज, ग्रंथालय, हिशेबनीस, इमारतीची देखभाल हा वरखर्च वेगळा. सातव्या कार्यक्रमात विद्यापीठांना पर्याय होते. वरखर्च थेट खर्चाच्या ६० टक्के धरायचा, किंवा प्रत्यक्षात जितका होतो तितका दाखवायचा. आणि मग एकूण खर्चाच्या ७५ टक्के संघ देणार. ६० टक्के धरणाऱ्याचा एकूण खर्च १,२८,००० आणि हातात ९६,०००. ज्या विद्यापीठाची हिशेबव्यवस्था पक्की आणि प्रत्यक्ष वरखर्च ९० टक्के, त्याचा एकूण खर्च १,५२,००० आणि हातात १,१४,०००.

२०११ च्या प्रतिसादांत सर्वांत मोठा ओरडा होता तो 'सोपं करा' हा. आयोगाने सोपं केलं: थेट खर्च पूर्ण देऊ, वरखर्चापोटी त्यावर सरसकट २५ टक्के. म्हणजे सगळ्यांनाच १,००,०००. पहिल्या विद्यापीठाला चार हजारांचा फायदा, दुसऱ्याला चौदा हजारांचा फटका, दर पोस्टडॉकमागे, दर वर्षी. प्रत्यक्ष खर्च दाखवण्याचा पर्याय राहू द्या म्हणून मोठी संशोधन-विद्यापीठं भांडली, पार्लमेंट त्यांच्या बाजूने उभं राहिलं, परिषदेने नकार दिला. २०१३ मध्ये २५ टक्क्यांवर शिक्कामोर्तब झालं आणि होरायझन युरोपमध्येही तोच दर चालू राहिला.

अंदाजपत्रकाच्या आकड्यावर अग्रलेख येतात. या २५ टक्क्यांवर कुणी ओळ लिहिली नाही, आणि दशकभर युरोपातल्या प्रत्येक प्रयोगशाळेचा ताळेबंद त्यावर हलला.

मग पुढच्या कार्यक्रमात असा कोणता नियम येतोय?

'लंप सम', म्हणजे ठोक रक्कम. आतापर्यंतची रीत अशी की प्रत्येकाने किती तास कोणत्या प्रकल्पावर काम केलं त्याचे तक्ते भरायचे, सह्या करायच्या, पावत्या जपून ठेवायच्या आणि चार वर्षांनी लेखापरीक्षक आला की धावपळ करायची. तरीही युरोपीय लेखापरीक्षण न्यायालय दरवर्षी सांगतं की संशोधन-खर्चातल्या चुका दोन टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे आहेत. २०१८ पासून प्रायोगिक स्वरूपात ठोक रकमेचे प्रकल्प सुरू झाले, आता नव्या प्रस्तावात तीच मुख्य पद्धत करायचं घाटतंय. कामाचे गठ्ठे पाडायचे, प्रत्येक गठ्ठ्याची किंमत आधीच ठरवायची, काम झालं की पैसे. तास मोजणं बंद.

ऐकायला छान आहे, पण मेख दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे सगळा हिशेब आता अर्जाच्या वेळीच, बारीकसारीक तपशिलांसह, भरून द्यावा लागतो. अर्ज नाकारला गेला तर ती मेहनत पाण्यात. दुसरी जास्त गंभीर. गठ्ठा पूर्ण झाला नाही तर त्याचे पैसे अडकू शकतात, म्हणून लोक गठ्ठे लहान पाडतात आणि त्यात हमखास होईल असंच काम घालतात. जोखमीचं संशोधन हवं म्हणून ओरडायचं आणि पैसे देताना बिनजोखमीच्या कामाला बक्षीस द्यायचं, अशी ही गत होऊ शकते. आयोग म्हणतो की आम्ही काम मोजतो, यश नाही: प्रयोग फसला तरी नीट केला असेल तर पैसे मिळतील. ते प्रत्यक्षात कसं वागवलं जातं हे अधिकाऱ्यागणिक बदलू नये, एवढी तरतूद कायद्यात हवी.

'वर्क प्रोग्रॅम' म्हणजे काय आणि त्याचं एवढं महत्त्व का?

कायदा सात वर्षांचा, पण कोणत्या विषयावर अर्ज मागवायचे हे दर एक-दोन वर्षांनी निघणाऱ्या वर्क प्रोग्रॅममध्ये असतं. हजारो पानं. त्यात प्रत्येक विषयाला दीड-दोन पानांचा मजकूर आणि मजकुराच्या आसपास एक वाक्य: 'प्रकल्पाअखेर तंत्रज्ञान पाचव्या-सहाव्या पायरीवर पोचणं अपेक्षित आहे.' तंत्रज्ञानाच्या तयारीची ही नऊ पायऱ्यांची शिडी मूळची नासाची. पहिली पायरी म्हणजे नुसतं तत्त्व दिसलंय, नववी म्हणजे वस्तू प्रत्यक्ष वापरात. 'पाच-सहा' लिहिलं की ज्यांच्याकडे अजून तिसऱ्या पायरीची कल्पना आहे ते सगळे एका वाक्यात बाहेर. याच ठिकाणी 'दोन-तीन' लिहिलं असतं तर अर्जदारांची यादीच वेगळी झाली असती.

हे वाक्य लिहितं कोण? आयोगातले अधिकारी, आणि देशांच्या प्रतिनिधींच्या समित्या त्यावर चर्चा करतात. उद्योगांच्या आणि विद्यापीठांच्या संघटना मसुदा हाती लागला की सूचना पाठवतात. मसुदे अधिकृतपणे उशिरा आणि अनधिकृतपणे लवकर बाहेर येतात, हे ब्रसेल्समधलं उघड गुपित.

स्पर्धात्मकता निधीवरून शास्त्रज्ञ का बिथरले होते?

सप्टेंबर २०२४ मध्ये मारिओ द्रागी यांचा अहवाल आला. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे हे माजी अध्यक्ष, इटलीचे माजी पंतप्रधान. युरोप अमेरिका आणि चीनच्या मागे पडतोय, संशोधनाला सात वर्षांत २०० अब्ज द्या, असं त्यांनी सांगितलं. पुढच्याच महिन्यात पोर्तुगालचे माजी विज्ञानमंत्री मानुएल एइतोर यांच्या तज्ज्ञगटाने २२० अब्ज सुचवले. शास्त्रज्ञांना आनंद झाला, पण फार काळ टिकला नाही. द्रागींचा अख्खा युक्तिवाद उद्योगांच्या स्पर्धाशक्तीभोवती फिरत होता, आणि आयोगात हवा सुटली की संशोधन कार्यक्रमच एका मोठ्या स्पर्धात्मकता निधीत विरघळवायचा.

बराच गदारोळ झाल्यावर २०२५ मध्ये अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी कार्यक्रम स्वतंत्र राहील असं सांगितलं. जुलैच्या प्रस्तावात तसंच आहे: एकीकडे सुमारे २३४ अब्जांचा स्पर्धात्मकता निधी आणि दुसरीकडे १७५ अब्जांचा होरायझन. होरायझनचे चार खांब. उत्कृष्ट विज्ञानाला ४४ अब्ज, स्पर्धात्मकता आणि समाज यांना मिळून जवळपास ७६, नवउपक्रमांना सुमारे ३९ आणि युरोपीय संशोधन क्षेत्राला १६ च्या वर. खोच दुसऱ्या खांबात आहे. त्याच्या मोठ्या भागाचे विषय स्पर्धात्मकता निधीच्या कार्यक्रमाबरोबर जुळवून ठरवायचे आहेत. घर वेगळं, चूल एक. वर सांगितलेलं ते 'पाच-सहा' वाक्य उद्या उद्योगधोरणाच्या खोलीत बसून लिहिलं जाईल, ही भीती अनाठायी नाही.

युरोपियन रिसर्च कौन्सिलला कुणी हात लावू नये असं सगळे का म्हणतात?

कारण तिथे विषय वरून येत नाही. २००७ मध्ये स्थापन झालेली ही परिषद एकाच गोष्टीकडे पाहते: कल्पना आणि ती मांडणारी व्यक्ती किती दमाची आहे. कोणत्या देशाचा, कोणत्या शाखेचा, उपयोग काय, हे विचारलं जात नाही. तरुण संशोधकांसाठीच्या अनुदानाची मर्यादा साधारण १५ लाख युरो, अनुभवी संशोधकांसाठी २५ लाख, मुदत पाच वर्षं. निवड शास्त्रज्ञच करतात. पुढे करोनाची लस बनवणाऱ्या बायोएनटेक कंपनीचे उगूर शाहीन यांना २०१८ मध्ये इथून मिळालेलं अनुदान कर्करोगावरच्या व्यक्तिगत उपचारपद्धतीसाठी होतं. तेव्हा करोनाचं नावही कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पाच वर्षं आधी 'साथीच्या रोगांवर काम करा' असा हुकूम काढून हे जमलं नसतं. परिषदेला पैसा किती मिळतो याच्याइतकंच तिच्या वैज्ञानिक मंडळाचं स्वातंत्र्य कायद्यात किती घट्ट बांधलंय, याकडे लक्ष ठेवायला हवं.

पैसा पुन्हा पुन्हा त्याच श्रीमंत देशांत जातो, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. ही भिशी नाही की जेवढं भरलं तेवढं पाळीने परत मिळावं. निवड गुणवत्तेवर होते, आणि गुणवत्ता जिथे आधीच यंत्रं, माणसं आणि अर्ज लिहिणारी कचेरी आहे तिथे गोळा होते. जर्मनी, फ्रान्स, स्पेन, नेदरलँड्स वर. बल्गेरिया, रोमानिया, लात्विया खाली. हे अंतर कमी करण्यासाठी पोलंड-पोर्तुगालपासून माल्टापर्यंत १५ देशांकरता वेगळा कप्पा आहे, सध्याच्या अंदाजपत्रकाच्या ३.३ टक्क्यांचा.

इथेही खरा पेच एका नियमात आहे. प्रकल्पात माणसाला पगार त्याच्या देशात नेहमी मिळतो त्या हिशेबाने द्यायचा. त्यामुळे एकाच प्रकल्पावर, एकाच टेबलाशी बसून सारखंच काम करणाऱ्या सोफियाच्या आणि कोपनहेगनच्या संशोधकांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक. होरायझन २०२० मध्ये यावर तोडगा म्हणून वर्षाला ८,००० युरोंपर्यंत जादा मोबदला द्यायची मुभा होती. मलमपट्टी. सोफियाचा संशोधक सरळ कोपनहेगनला जातो आणि मग अहवालात 'प्रतिभेचं स्थलांतर' असं प्रकरण लिहिलं जातं.

इमारतींना मात्र पैसा मिळाला, तो प्रादेशिक विकास निधीतून. प्रागजवळच्या दोल्नी ब्रझेझानीमध्ये, हंगेरीच्या सेगेदमध्ये आणि रोमानियाच्या मागुरेलेत 'एक्स्ट्रीम लाइट इन्फ्रास्ट्रक्चर'ची प्रचंड लेझर केंद्रं त्यातून उभी राहिली. यंत्र जागतिक दर्जाचं, ते चालवणाऱ्याचा पगार स्थानिक.

लष्करी संशोधनालाही यातून पैसा मिळणार का?

२०२१ च्या मूळ कायद्यानुसार होरायझन युरोपचा पैसा केवळ नागरी उपयोगासाठी होता. संरक्षणासाठी वेगळा, आठेक अब्जांचा निधी आहे. युक्रेन युद्धानंतर वारं फिरलं. जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने दुहेरी उपयोगाच्या तंत्रज्ञानावर पर्याय मांडले, आणि नव्या प्रस्तावात ही भिंत बरीच खाली आणली आहे. ड्रोन पिकं पाहतो तसाच रणगाडाही, तेव्हा भिंत कृत्रिमच आहे, हा एक पक्ष. पण जर्मनीत कित्येक विद्यापीठांनी 'फक्त शांततामय संशोधन' असं कलम स्वतःहून घालून घेतलंय; ब्रेमेनचं १९८६ पासूनचं आहे. बव्हेरियाने २०२४ मध्ये अशा कलमांवर कायद्याने बंदी घातली. एकाच देशात दोन टोकं. शिवाय दुहेरी उपयोगाचा शिक्का बसला की परदेशी विद्यार्थ्यांची छाननी वाढते, आणि त्यात भारतीयही आले.

संशोधनात राजकारण येतंच का?

येतं. मे २०२१ मध्ये स्वित्झर्लंडने संघाशी चाललेल्या व्यापक कराराची बोलणी मोडली आणि त्यांचे शास्त्रज्ञ एका फटक्यात बाहेर पडले; परतीचा करार नोव्हेंबर २०२५ मध्ये बर्नला झाला. ब्रिटनचा सहभाग उत्तर आयर्लंडच्या वादात भिजत पडला तो थेट १ जानेवारी २०२४ पर्यंत. हंगेरीची गोष्ट निराळी. तिथल्या सरकारने अनेक विद्यापीठं आपल्या मर्जीतल्या विश्वस्त मंडळांकडे सोपवली, म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये मंत्र्यांच्या परिषदेने त्यांच्याशी नवे अनुदान-करार करायला मनाई केली. हेतू बरोबर, पण मंत्र्याच्या मर्जीची शिक्षा सेगेदच्या पीएचडी करणाऱ्या मुलीने भोगायची, हे काही पटत नाही.

तीन टक्क्यांच्या उद्दिष्टाचं काय झालं?

मार्च २००२ मध्ये बार्सिलोनाला ठरलं होतं की २०१० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्के संशोधनावर, त्यातले दोन तृतीयांश उद्योगांनी. आज आकडा सव्वादोनच्या आसपास घुटमळतोय. कमी पडतात ते मुख्यतः उद्योग, सरकारं नव्हेत. त्यामुळे १७५ चे २०० केले तरी तीन टक्के गाठले जाणार नाहीत.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला किंवा संशोधकाला यातून काय मिळतं?

समजुतीपेक्षा बरंच जास्त. मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी योजनेतल्या डॉक्टरल नेटवर्कच्या पीएचडी जागा ही शिष्यवृत्ती नसते, रीतसर नोकरी असते: करारपत्र, पगार, सामाजिक सुरक्षा. जाहिराती युराक्सेस या संकेतस्थळावर निघतात, अर्ज थेट प्रकल्पाकडे करायचा. एकच अट लोकांना नडते. ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. म्हणजे जर्मनीत मास्टर्स करून लगेच जर्मनीतच जागा मागाल तर बाद. तेच शेजारी बेल्जियममध्ये चालतं.

पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडी हवी आणि त्यानंतरची संशोधनाची वर्षं आठाच्या आत. इथे गर्दी भयंकर वाढली आहे: २०२४ मध्ये दहा हजारांवर अर्ज, २०२५ मध्ये सतरा हजारांवर. अमेरिकेतली अनुदान-कपात आणि यंत्राकडून अर्ज लिहून घेण्याची सोय, दोन्हींचा हात असावा असं मला वाटतं.

भारतातल्या संस्थेला भागीदार म्हणून घेता येतं, पण २०१४ पासून भारत आपोआप निधी मिळणाऱ्या देशांत नाही. सहसा आपला वाटा आपणच आणावा लागतो. संघ आणि भारत यांच्यातला विज्ञान-तंत्रज्ञान करार २००१ चा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने भारताबरोबरच्या नव्या धोरणात होरायझनमधल्या सहभागाची शक्यता तपासण्याची भाषा केली. ती प्रत्यक्षात उतरली तर भारताला वर्गणी भरावी लागेल, आणि ती भरणाऱ्या मंत्रालयाला विचारलं जाईल की अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या पाच वर्षांच्या ५०,००० कोटींतले बहुतेक खासगी क्षेत्राकडून यायचे असताना बाहेर वर्गणी कशाला. प्रश्न रास्त आहे. उत्तर मी देईन ते असं की दक्षिण कोरिया आणि कॅनडाने फक्त दुसऱ्या खांबात सहभाग घेतला आहे. तोच मार्ग आपल्यालाही स्वस्त पडेल.

मला मत पाठवायचं असेल तर काय लिहू?

'संशोधनाला जास्त पैसे द्या' हे लिहू नका. ते सगळेच लिहितात आणि वाचणाऱ्याच्या हातात ती सत्ता नसते. एका नियमाबद्दल लिहा. कलम क्रमांक द्या, तुमच्या प्रयोगशाळेत त्यामुळे काय होतं ते आकड्यांत सांगा, आणि बदललेलं वाक्य तयार करून द्या. उदाहरणार्थ: 'बारा महिन्यांच्या अटीतून पदवीसाठीचा मुक्काम वगळावा', किंवा 'ठोक रकमेच्या प्रकल्पात प्रयोगाचं नकारात्मक उत्तर हे पूर्ण झालेलं काम मानलं जाईल'. मसुदा लिहिणारा अधिकारी बहुधा तिशीतला, वेळेला कंगाल आणि जबाबदारीने वाकलेला असतो. त्याला तयार वाक्य मिळालं की तो ते निदान वरिष्ठांपुढे ठेवतो.

तुमच्या विद्यापीठाच्या संघटनेकडेही तेच वाक्य पाठवा, कारण त्यांचं कार्यालय ब्रसेल्समध्ये असतं आणि तुमचं नसतं. शिवाय संशोधन कायद्याच्या मसुद्यावर पार्लमेंटची उद्योग, संशोधन आणि ऊर्जा समिती काम करते. तिथल्या सदस्यांच्या कचेऱ्यांना पाठवलेलं एक पानाचं पत्र मतदारसंघातून आलं असेल तर वाचलं जातं. नवा कार्यक्रम १ जानेवारी २०२८ ला सुरू व्हायचा तर कायदा २०२७ मध्ये हातावेगळा व्हायला हवा, आणि पहिल्या वर्क प्रोग्रॅमचे मसुदे त्याच्याही आधी टेबलांवरून फिरायला लागतील.